पाणंदीवरचा ऊस

अभ्यास दौऱ्यात अभ्यास सोडून सगळं असतं. २००६ सालच्या सप्टेंबरात तालुक्याच्या दूध संघाचे संचालक फ्रान्सला निघाले तेव्हा त्यांच्या ब्यागांत काय होतं ते मुंबईच्या विमानतळावरच उघडं पडलं. लसणाची चटणी, शेंगदाण्याचे लाडू, भडंग, आणि चेअरमन गणपतरावांच्या ब्यागेत पाच किलोचा गुळाचा रवा, म्हणजे अख्खी ढेप. मशीनवरच्या पोरानं विचारलं, हे काय? गणपतराव म्हणाले, "पावणं, कोल्हापूरचा माणूस रिकाम्या हातानं कुणाच्या दारात जात न्हाय."

खर्च संघाचा. म्हणजे पहाटे उठून म्हशीच्या कासेला बसणाऱ्या बायकांचा. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

या टोळीत हंबीरराव होते. कासारी नदीकाठच्या हळदेवाडीचे. वय पंचावन्नच्या पुढं, अंगानं दांडगे, पांढरा पायजमा, नेहरू शर्ट, डोक्यावर टोपी. दोनदा संचालक म्हणून निवडून आलेले. गावात बसायला आले की कट्ट्यावरचे लोक सरकून जागा द्यायचे. आदरानं की भीतीनं, हे त्यांनी कधी तपासलं नाही.

निघायच्या दिवशी मोठ्या पोराला, आदर्शला, त्यांनी बाजूला घेतलं होतं.

"मी येईस्तवर ओढ्यावरची मोरी उखडून टाक. जेसीबी आण नि एका दिवसात मोकळं कर. मी आल्यावर तहसीलदाराची पाहणी हाय. त्याला दगड दिसाय नगं."

"दिसायचा न्हाय आबा. तुमी निवांत जावा."

मोरी म्हणजे ओढ्यावरचा दगडी पूल, एक बैलगाडी जाईल एवढा. आणि बैलगाडी जायला पूल आहे म्हणजे वाट होती. ही एवढीच भानगड होती.

दौऱ्याचे पहिले दिवस गोठे बघण्यात, दुधाच्या टाक्या बघण्यात आणि चीज नावाचा वास तोंड वाकडं करून गिळण्यात गेले. रविवारी डेअऱ्या बंद. मग संचालकांना दोन-दोन, तीन-तीन करून शेतकऱ्यांच्या घरी पाहुणे म्हणून वाटून दिलं. हंबीरराव आणि गणपतराव जेरार नावाच्या माणसाकडं गेले. बरोबर दुभाषी म्हणून स्नेहल. शाहूपुरीतली पोर, बापाचं पंख्या-मोटारींचं दुकान, पुण्याला जाऊन फ्रेंच शिकलेली. ती सगळ्यांना काका म्हणायची आणि कुणालाच भीत नव्हती.

जेरार हंबीररावांच्याच वयाचा. ऐंशी गाई, मका, सफरचंदाची झाडं. हात फाटलेले. त्यानं जेवण झाल्यावर कोठारातून सायकली काढल्या.

"काय म्हणतोय?" गणपतराव.

"नदीकाठानं सायकलवर फिरून येऊ म्हणतोय," स्नेहल म्हणाली. "मायेन नदी. काठानं लांबपर्यंत वाट आहे. पूर्वी घोडे त्या वाटेवरून चालत नावा ओढायचे. आता फक्त चालणारे नि सायकलवाले. गाडी आणायला बंदी."

"मी न्हाय बा. ह्या वयात मला सायकल?" गणपतराव खुर्चीत पसरले. "हंबीरराव, तुमी जावा. पडलासा तर संघ इमा देतोय."

हंबीररावांनी सायकलीचं हँडल धरलं आणि त्यांचं त्यांनाच कळलं की आपण जाणार. जेरारनं त्यांच्या पायजम्याला रबराचा पट्टा बांधला, चेनमध्ये अडकू नये म्हणून. वाकून, पाहुण्याच्या पायाशी बसून. हंबीररावांना अवघडल्यासारखं झालं. त्यांच्या पायाशी बसणारी माणसं काहीतरी मागायला आलेली असायची.

बुलेट घेतल्यापासून सायकलला पाय लावला नव्हता. पण शरीर विसरत नाही. चार-पाच हेलकावे खाल्ले नि चालली. स्नेहल मागून ओरडली, "काका, टोपी!" टोपी त्यांनी एका हातानं दाबली. जेरार हसला.

घरापासून नदीपर्यंत एक वाट सरळ उतरत होती. दोन्ही बाजूंना झुडपांचं कुंपण, त्यात काळी बोरासारखी फळं लगडलेली. उतार होता, वारा होता. आणि अर्ध्यावर वाट एकदम संपली. समोर मका. वाट मक्याला भिऊन डावीकडं वळली, शेताला पुरा वळसा घालून पुन्हा पुढं सरळ झाली.

हंबीररावांनी ब्रेक दाबले.

"हितं वळसा का?"

स्नेहलनं विचारलं. जेरारनं खांदे उडवले, मग दोन-तीन वाक्यं बोलला.

"त्याच्या भावाचं शेत आहे म्हणतोय. वाट गावाची होती, नदीवरच्या गिरणीला जाणारी. ह्यांच्या वडिलांनी ती नांगरून शेतात घेतली. वडील गेले, वाटणी झाली. ह्यानं आपल्या अर्ध्यातली वाट मोकळी केली. भावानं नाही केली."

"नि भाऊ काय म्हणतोय?"

"काही म्हणत नाही. बोलत नाही. वडिलांच्या मातीनंतर एक शब्द नाही." तिनं सायकलीचं तोंड वळवलं. "काका, तुम्ही सायकल चालवायला आलाय की भांडण ऐकायला?"

हंबीरराव हसले नाहीत.

नदीच्या वाटेला लागले तेव्हा त्यांनी आयुष्यात न ऐकलेली गोष्ट ऐकली. काहीच नाही. हॉर्न नाही, ट्रॅक्टरवरचं गाणं नाही, डिझेलचा धूर नाही. चाकाखाली बारीक खडी चुरचुरत होती तेवढीच. डाव्या हाताला संथ नदी, उजव्या हाताला उंच झाडांची रांग, पलीकडं कुरणात तांबड्या-पांढऱ्या गाई बसलेल्या. मधेच नदीत पाणी अडवायची लाकडी दारं आणि दारांशेजारी राखणदाराचं बैठं घर, खिडकीत फुलं. एक म्हातारा गळ टाकून बसला होता. पुढून एक बाई आली, सायकलला मागं दोनचाकी गाडा जोडलेला आणि त्यात लेकरू झोपलेलं. ती हंबीररावांना बघून "बोंझूर" म्हणाली. हंबीरराव "राम राम" म्हणाले. दोघांना पुरेसं समजलं.

कितीतरी वेळ चालवलं. गुडघे दुखत होते, ढुंगण दुखत होतं, पण थांबावंसं वाटत नव्हतं. कारण थांबलं की आकाराम आठवत होता. आणि चालवत राहिलं तरी आकारामच आठवत होता.

आकाराम म्हणजे चुलतभाऊ. दोघं एका वर्षाचे. हळदेवाडीतनं कासारीला जाणाऱ्या पाणंदीवर दोघं सायकल शिकले. सायकल भाड्याची, तालुक्याच्या गावातनं आणलेली, दोघांच्या उंचीपेक्षा मोठी. सीटवर बसता यायचं नाही म्हणून दांडीखालून पाय घालून कैची मारायची. एकानं कैची मारायची, दुसऱ्यानं मागनं कॅरियर धरून पळायचं. पाणंद तेव्हा अशीच होती. दोन गाड्या शेजारून जातील एवढी रुंद, दोन्हीकडं निवडुंग आणि करंज, शेवटाला नदी. हंबीरराव कैची मारत ओरडायचे, "आक्या, सोडू नगं!" आणि आकाराम पळत-पळत म्हणायचा, "धरलंय, धरलंय." एकदा त्यानं केव्हाच सोडलं होतं. हंबीरराव पाणंदीच्या टोकाला जाऊन मागं बघतात तर आकाराम लांब उभा, कमरेवर हात ठेवून हसतोय.

मग दोघांच्या बापांची वाटणी झाली. आकारामच्या वाट्याला नदीकाठची मळीची जमीन गेली. हंबीररावांच्या वाट्याला वरचं, पाणंदीच्या दोन्ही बाजूचं. मळीत काय पेरलं तरी येतं. ते हंबीररावांच्या मनात सलत राहिलं.

पुढं जे झालं ते आमच्याकडं कुठंही होतं. म्हणून कुणी त्याला चोरी म्हणत नाही. नांगरट करताना हंबीररावांनी पाणंदीतली एक सरी आत घेतली. ह्या बाजूनं एक. पुढच्या साली त्या बाजूनं एक. एका सरीनं काय हुतंय? दोन गाड्यांची पाणंद एका गाडीची झाली. मग बैलांची. मग माणसाची. निवडुंग पेटवला, करंज विकली. शेवटी एक साल असं आलं की लागणीच्या वेळी मधे काही उरलंच नाही, सरळ सऱ्या सोडल्या. गाव बघत होतं. गावातल्या निम्म्या लोकांनी आपापल्या बांधाला तेच केलं होतं. बोलणार कोण?

आकाराम मळीतच वस्ती करून राहिलेला, घर तिथंच, गोठा तिथंच. त्याला यायला-जायला उरला ओढ्याकडचा बांध. वीतभर रुंद, एका बाजूला ऊस, एका बाजूला ओढ्याचा खड्डा. त्याचा ऊस आणायला गाडी जाईना. ऊसतोडीच्या टोळ्या म्हणाल्या, डोक्यावरनं कोण वाहणार? हंबीररावांचा हिशोब सरळ होता. कंटाळेल आणि विकेल. दुसरा घेणार कोण? रस्ता नसलेली जमीन शेजारीच घेतो.

आकाराम कंटाळला नाही. तो दुधाचे कॅन सायकलला लावून, सायकल हातानं ढकलत, त्या बांधावरून डेअरीत येत राहिला. हंबीरराव संचालक असलेल्या डेअरीत.

आणि जुलैत त्याची बायको चिमणाबाई त्या बांधावरून ओढ्यात पडली. खुब्याचं हाड मोडलं. वस्तीपर्यंत गाडी येईना. आकारामनं तिला बाजेवर घातलं आणि चौघांनी ओढ्यातल्या चिखलातनं रस्त्यापर्यंत आणलं. तिचं ओरडणं वरच्या आळीपर्यंत ऐकू आलं होतं. हंबीररावांनी त्या वेळी टीव्हीचा आवाज वाढवला होता.

आकारामनं तहसीलदाराकडं अर्ज केला तो त्यानंतर.

"काका, थांबा, पुलावर जाऊ," स्नेहल मागून म्हणाली.

नदीवर एक कमानीचा पूल होता. जेरारनं तिथं सायकल टेकवली आणि आलेल्या दिशेला बोट दाखवलं. उंचावरून सगळं खोरं दिसत होतं. कुरणं, मका, त्याच्या घराचं काळं छप्पर.

"त्या मक्यात बघा म्हणतोय. भावाच्या."

हंबीररावांनी बघितलं. हिरव्यागार मक्यातून एक फिकी रेघ जात होती, सरळ, नदीकडं. त्या रेघेत मका बुटका होता.

"वाट मोडून पन्नास वर्षं झाली तरी तिथं पीक बसतं म्हणतोय. शंभर-दोनशे वर्षं गाड्या गेलेल्या. खालची माती दगड झालीय. भाऊ दरसाल खत ओततो. पण जेरार म्हणतो, वाट मरत नाही, मरतात ते फक्त पैसे." स्नेहल हसली. मग तिनं हंबीररावांकडं बघितलं. "काय झालं काका? चक्कर येतीय?"

"न्हाय."

चक्कर नव्हती. हंबीररावांच्या उसातपण तशीच रेघ होती. त्यांनी ती कुणाला दाखवली नव्हती. दोन्हीकडं ऊस डोक्यावर जायचा आणि पाणंदीच्या पट्ट्यात छातीशी थांबायचा. ते दरसाल त्या पट्ट्यात शेणखताच्या जादा गाड्या टाकत होते, युरिया दुप्पट. कडेनं उंच सऱ्या असल्यामुळं बाहेरून कळत नव्हतं. त्यांना कळत होतं. पाणी पाजायला गेले की त्या पट्ट्यात पाय ठेवताना नजर वर ठेवायचे.

"पाणंद हाय ही," ते म्हणाले.

"पाणंद म्हणजे?" शाहूपुरीच्या पोरीला कुठलं माहीत असायला.

"पाणंद म्हंजे... शेताशेतातनं जाणारी वाट. गावानं गावासाठी ठिवल्याली. कुणाच्या बापाची न्हाय."

स्नेहलनं ते जेरारला सांगितलं. जेरारनं मान डोलावली आणि काहीतरी विचारलं.

"तुमच्या गावात आहे का, विचारतोय."

हंबीररावांनी नदीकडं बघितलं. खालून एक नवरा-बायको सायकलवर गेले, गप्पा मारत.

"हुती," ते म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी जेरारच्या फोनवरून हळदेवाडीला फोन लावला. स्नेहलनं नंबर फिरवून दिला. इकडं संध्याकाळचं ऊन होतं, तिकडं जेवणं आटपलेली.

"आदर्श, त्या मोरीला हात लावू नगं."

"झालं की आबा!" पोराचा आवाज आनंदानं फुटत होता. "कालच झालं. जेसीबीवाल्यानं दगड उचलून नदीत टाकलं. माती वडली, वरनं उसाचा पाला पसरला. तुमीच वळखायचा न्हाईसा!"

हंबीररावांच्या तोंडात पुष्कळ होतं. पोराला शिवी घालता आली असती, पण शिवी कुणाला द्यायची? सांगणारे आपणच.

"बरं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

हे "बरं" त्यांना विमानात पुरलं, मुंबईत पुरलं, पुणे-बंगळूर रस्त्यावर कोल्हापूरची कमान येईपर्यंत पुरलं. तोंडात खडा राहावा तसं.

गावात सत्कार झाला. हलगी, हार, गुलाल. हंबीररावांनी माइक धरला आणि फ्रान्सच्या गाई किती दूध देतात ते सांगितलं. बसलेल्या बायका एकमेकींकडं बघून हसल्या. एक मागनं म्हणाली, "आमच्या फॅटला दर वाढवून द्या, गाईचं राहू द्या." सायकलीचं हंबीररावांनी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते ओढ्याकडच्या बांधावरून आकारामच्या वस्तीकडं निघाले. हातात चॉकलेटचा डबा. बांध ओला होता. मधे एके ठिकाणी पाय सरकला, उसाचा पाला धरला म्हणून वाचले. हाताला पाल्यानं चिरलं. त्याच जागेच्या खाली चिमणाबाई पडली होती, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. दुसरी जागाच नव्हती.

आकाराम घरात नव्हता. चिमणाबाई दारात वाकळेवर बसून शेंगा फोडत होती. बाजूला लोखंडी चौकट, धरून चालायची.

"या भावजी," ती म्हणाली. "फ्रान्सला जाऊन आलासा म्हनं."

"व्हय."

"लांब आसंल."

"लांबच."

"पर आमच्या दारात यायची वाट त्याच्याहून लांबची की वो. किती वरसांनी आलासा."

हंबीररावांनी डबा पुढं केला. तिनं घेतला, वास घेतला, बाजूला ठेवला.

"पाय कसा हाय?"

"पाय हाय. वाट न्हाय." शेंग फुटली, दाणे सुपात पडले. "शिवांजलीला पोरगी झाली, सासरी आजऱ्याला. बारसं येत्या आठवड्यात हाय. आईनं जायाला नगं? ह्ये म्हंत्यात, पाठीवर घेऊन रस्त्यापतूर नेतो. एकदा नेलं दवाखान्याला. दोघं पडता-पडता वाचलो. म्या म्हटलं, मी काय पेंडीचं पोतं हाय व्हय, पाठीवरनं न्याला? न्हाय जात. नातीनंच मोठी हून यावं आता."

ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. तिनं बाजूच्या तांब्यातलं पाणी दिलं, हंबीरराव ते प्याले, आणि ज्या वाटेनं आले त्या वाटेनं, पाला धरत-धरत, परत गेले.

घरी बायडाबाईंनी, त्यांच्या बायकोनं, हाताला हळद लावली. "कुटं गेलतासा?"

"मळीला."

बायडाबाईंनी हळद चेपून बसवली. मग म्हणाल्या, "मी दोनदा जाऊन आलो. तुमाला सांगितलं न्हाय." इकडच्या बायका स्वतःबद्दल "आलो, गेलो" म्हणतात, तसंच म्हणाल्या. आणि हळदीची वाटी घेऊन उठून गेल्या.

बुधवारी तहसीलदार आले. तरुण पोरगा, बाहेरच्या जिल्ह्यातला, पायात बूट, बुटाला चिखल लागू नये म्हणून जपणारा. बरोबर तलाठी. निम्मं गाव जमलं. बांधाच्या एका बाजूला आकाराम, सायकलीला टेकून. दुसऱ्या बाजूला आदर्श आणि त्याच्या टोळक्यातली पोरं.

"कुठून होती वाट?" तहसीलदारांनी विचारलं.

आकारामनं बोट केलं. "हितनं सायेब. हितं ओढ्यावर दगडी मोरी हुती. गेल्या महिन्यापतूर हुती."

मोरीच्या जागी मऊ माती, वर पाला.

"इथं तर काही नाही."

"उखडली की सायेब. जेसीबीनं."

"काय बी बोलतंय म्हातारं," आदर्श म्हणाला. "सायेब, नकाशा बघा. नकाशात वाट न्हाय."

"नकाशात नाहीच," तलाठी म्हणाला.

"नकाशात नसली तरी वहिवाट असू शकते," तहसीलदार म्हणाले. "कोण सांगेल? कुणी बघितलेली?"

गाव बघत होतं. बघण्यात आमचं गाव पटाईत. कुणी पायाकडं बघितलं, कुणी आभाळाकडं. ज्यांची प्रेतं त्या पाणंदीनं नदीला गेली होती, त्यांची पोरं, नातवंडं उभी होती. पण उद्या दूध डेअरीलाच घालायचं होतं.

आकारामनं गावाकडं बघितलंच नाही. त्यानं हंबीररावांकडं बघितलं. रागानं नाही. लहानपणी सायकल सोडायच्या आधी बघायचा तसं.

"हंबीरराव, तुम्ही सांगा," तहसीलदार म्हणाले. "शेत तुमचं. वाट होती का?"

"कदीच नव्हती," आदर्श बोलून गेला.

"त्यांना विचारतोय मी."

हंबीररावांनी टोपी काढली, डोकं पुसलं, परत घातली.

"सायेब, माज्या तोंडावर इस्वास ठिवू नगा," ते म्हणाले. "तोंडानं म्या संघात लई बोललोय. माज्यासंगं वर चला."

शेताच्या कडेला त्यांच्या मोटरीची खोली होती, वर स्लॅब. लोखंडी शिडी लावलेली. हंबीरराव गुडघा धरत चढले. तहसीलदार बूट सांभाळत मागनं. मग तलाठी.

"आता बघा."

वरून ऊस समुद्रासारखा दिसत होता. त्यातून, मोरीच्या मातीपासून थेट नदीकडं, एक पिवळट रेघ जात होती. दोन गाड्या शेजारून जातील एवढी रुंद. त्या रेघेत ऊस छातीएवढा. मधे जुनं वळण होतं ते वळणसुद्धा तसंच. रेघेच्या शेवटाला आकारामचं कौलारू घर आणि दारात बसलेला एक ठिपका.

"हितं ऊस का बसलाय ते मला इचारा," हंबीरराव म्हणाले. "खत कमी न्हाय. दुप्पट टाकलंय म्या, दिसू नये म्हून. खाली पाणंद हाय. गावाची. म्या खाल्ली. एकेक सरी करून. मोरीबी म्याच काढाय लावली. पोराला बोलू नगा."

तहसीलदारांनी मोरीच्या मातीपासून नदीपर्यंत हवेत बोट फिरवलं. मग तलाठ्याला म्हणाले, "लिहा."

खाली आदर्शचा चेहरा काळा पडला होता. "आबा, येडं झालासा काय? सगळी म्हंतील..."

"म्हनू दे."

"नि मी? म्या केलं ते कुणासाटी?"

पोरगं मोटरसायकलला लाथ मारून निघून गेलं. त्याची पोरं मागोमाग.

हंबीरराव आकारामजवळ गेले. दोघांमधे सायकल. तीच जुनी काळी, हँडलला कॅनचे हूक.

"आक्या."

"इतकी वरसं तुला ठावं हुतं," आकाराम म्हणाला.

"व्हय."

"ती वरडत हुती तवाबी ठावं हुतं."

"व्हय."

"मग आता काय, हार घालू तुला? हलगी लावू?"

आणि सायकल ढकलत तो त्या वीतभर बांधावरून निघून गेला.

हुकूम यायला महिना लागतो, कधी वर्ष. वर अपील असतं. आदर्शनं वकील गाठल्याचं कानावर आलं. बारसं मात्र रविवारी होतं.

हंबीररावांनी कोयता काढला. संचालक झाल्यापासून कोयता हातात धरला नव्हता. ऊस कच्चा, गाळपाला उपयोग नाही, वैरणच होणार. पट्ट्याच्या रस्त्याकडच्या टोकाला, मोरी होती तिथं, ओढ्यात दगडगोटे टाकून त्यावर फळ्या टाकल्या आणि सरळ रेघेत तोडत सुटले. रेघ आखायची गरज नव्हती. बुटका ऊस दिसेल तो तोडायचा. पाल्यानं हात, मान, तोंड चिरलं. दुपारपर्यंत तळहाताचे फोड फुटले. लोक रस्त्यावर थांबून बघायचे आणि पुढं जायचे. गणपतराव गाडीतून डोकं काढून म्हणाले, "हंबीरराव, ह्यो फ्रान्सचा अभ्यास काय?" आणि काच वर केली.

बायडाबाई चहा घेऊन आल्या. "पोरगं जेवलं न्हाय," म्हणाल्या. हंबीररावांनी कप घेतला. बायडाबाई परत गेल्या नाहीत. त्यांनी पदर खोचला आणि तोडलेल्या उसाच्या पेंड्या बांधून कडेला ओढू लागल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी वळण पार झालं, आणि पलीकडून आकारामचं कौल दिसलं.

रविवारी सकाळी शेवटच्या काही सऱ्या राहिल्या होत्या. हंबीरराव वाकून तोडत होते. पलीकडून आवाज आला, चेनचा, करकर.

आकाराम सायकल ढकलत येत होता. कॅन काढलेले. कॅरियरवर वाकळेची घडी आणि घडीवर चिमणाबाई, एका अंगाला बसलेली, नवं लुगडं, मांडीवर पिशवी, पिशवीतनं बाळाचं टोपडं डोकावत होतं. तिनं एक हात आकारामच्या खांद्यावर ठेवला होता, दुसऱ्यानं सीट घट्ट धरलेली.

हंबीरराव सरळ झाले. त्यांनी कोयता पाठीमागं धरला.

चिमणाबाईनं त्यांच्याकडं बघितलं नाही. ती डोकं वळवून दोन्ही बाजूंच्या उसाकडं बघत होती, मग वरती आभाळाकडं, जसं काही ती वाट तिनं पहिल्यांदाच बघितली. सायकल उरलेल्या उसाशी आली. हंबीररावांनी घाईनं चार घाव घातले, ऊस बाजूला ओढला. सायकल पुढं सरली. मागचं चाक एका बुडख्यावर चढलं, सायकल कलली. चिमणाबाई "अगं आई" म्हणाली. हंबीररावांनी झेप घेऊन मागनं कॅरियर धरलं.

आकारामनं मागं बघितलं. हंबीररावांच्या रक्ताळलेल्या हाताकडं, कॅरियरकडं. सायकल सावरली होती.

"सोड," तो म्हणाला.

हंबीररावांनी सोडलं.

सायकल पुढं गेली. खोडांवरून खडखडत, वळणाकडं. वळणाच्या अलीकडं आकाराम थांबला. वळून बघितलं नाही, नुसताच ओरडला.

"बुडखं खालनं काढ. टायर फाटतंय."

हंबीरराव खाली बसले आणि पहिल्या बुडख्याला, मातीला लागून, कोयता घातला.